टोचणी

फूल एकाच सकाळी उघडतं.
दहाच्या आत लिंबाच्या काट्यानं
आतला पडदा उचलायचा, अंगठ्यानं हलकेच दाबायचं.
चुकलं तर संध्याकाळपर्यंत ते गळतं,
आणि नऊ महिन्यांनंतरची एक व्हॅनिलाची शेंग
कुणाच्याच हिशेबात येत नाही.

सोआझाराला हे शिकवायला कुणी आलं नव्हतं.
आम्ही आलो होतो विचारायला.

मी दुभाष्या. बाई रॉटरडॅमच्या, नाव मारिट,
उन्हानं नाक सोललेलं, एक बूट चिखलानं गिळलेला,
हातातल्या काचेच्या पाटीवर एकशे चौदा प्रश्न.
अंतालाहापासून चार तास, शेवटचा होडीनं.

प्रश्न एकोणीस: मुलं कामाला असतात का?
सोआझारानं धाकटीकडे पाहिलं.
पोरीची बोटं काडीसारखी, फुलाला सोसतील अशी.
"शाळेत जाते," ती म्हणाली, "मास्तर असतो तेव्हा."
वाक्याचं पहिलं अर्धं मी पलीकडे नेलं.
उरलेलं खिशात राहिलं.

प्रश्न बत्तीस: शेंगा कोवळ्या का तोडता?
पिकलेल्याला कंपनी जादा भाव देते, तसं छापलेलं आहे.
"पिकेपर्यंत राखायच्या कुणी?"
नवरा जूनभर मळ्यात निजत होता,
अंगावर प्लास्टिक, उशाला कोयता.
एका रात्री ताप भरला म्हणून घरी आला,
त्याच रात्री चोर आले.
उचल जाओतोंबोची, भाव जाओतोंबोचा, तराजूही त्याचाच;
त्याच्या वरचा जो कुणी आहे
त्याला या काठावर कुणी पाहिलेलं नाही.
पाटीवर दोनच चौकोन होते, होय आणि नाही.

मग तिनं पानं सारून एक घड दाखवला.
बुचात खोचलेल्या टाचण्या, आईच्या वेळेपासूनच्या:
तीन ठिपके, खाली होडीसारखी रेघ.
शेंग हिरवी असतानाच एकेक टोचायची.
खूण शेंगेबरोबर वाढते, शेंगेबरोबर काळी पडते,
गरम पाण्यात, घोंगडीत, उन्हात,
पुसत नाही.

मारिट गुडघ्यांवर बसली. अकरा फोटो काढले.
म्हणाली, हेच तर आम्ही दोन वर्षं शोधतोय,
माल कुणाचा ते मुळापर्यंत सांगणारं काहीतरी.
"हिला सांग," सोआझारा म्हणाली, "हे चोरासाठी आहे."
ते मात्र मी अख्खं नेलं.

डिसेंबरात बंदरावरच्या गोदामात गेलो.
लांब टेबलं, चाळीस बायका, नखांत तेलकट काळा गंध.
शेंगा लांबीनं निवडल्या जात होत्या,
सोळा सेंटिमीटर इकडे, चौदा तिकडे.
एका जुडीत मला तीन ठिपके दिसले,
शेजारी कुणाचा तारा, कुणाचं मोडकं अक्षर,
अख्खी टेकडी राफियाच्या दोरीनं आवळलेली.
प्रतवारीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी जागा होती:
दोष. सालीवर टोचल्याचे डाग. किलोमागे वजावट.

तो तक्ता मी मारिटला पाठवला.
वर काहीच लिहिलं नाही.
खाली, बऱ्याच वेळानं,
मास्तरबद्दलचं ते अर्धं वाक्य लिहिलं.

पुढच्या वर्षी, फुलांच्या दिवसांत, पुन्हा तीच होडी.
मास्तर अजून कधी असतो, कधी नसतो.
जाओतोंबोच्या तराजूवर गंज थोडा वाढलाय.
तक्त्यातली ती एक ओळ खोडलेली आहे,
आणि पाटीवर एक नवा प्रश्न, अगदी शेवटी, एकशे पंधरावा:
पैसे तुम्हाला कधी हवेत,
तोडणीआधी की नंतर?

मी विचारला.
सोआझारानं काटा खाली ठेवला.
परत विचार, म्हणाली.
ऐकू आलं नव्हतं असं नाही.

मी परत विचारला.
दहा वाजत आले होते,
आणि वेलीवर अजून तीस-चाळीस फुलं
उघडी होती.